पायगेममधला मराठी खेळ लिनक्सवर सहज बसवता यावा यासाठी काय वापरावं?

शब्दखेळ:
नमस्कार. मराठी अक्षरओळखीचा छोटा खेळ पायथन आणि पायगेम-सीईमध्ये (पायगेम या खेळ बनवायच्या लायब्ररीची समुदायाने चालवलेली आवृत्ती) तयार आहे, कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ वापरणाऱ्यांना तो टर्मिनल न उघडता बसवता यायला हवा. काही शाळांच्या संगणक कक्षात इंटरनेटही नाही.

डेबियनवर थेट पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारं साधन) बसवायला गेलं की पायथनची व्यवस्था सिस्टीमकडे आहे असं सांगून पिप नकार देतं. उबुंटू २४.०४ वर पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रामची थेट चालणारी फाइल बनवणारं साधन) बनवलेली फाइल डेबियन १२ वर ‘जीलिबसी २.३८ सापडत नाही’ म्हणून थांबते (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). काही मशीनवर मराठीऐवजी चौकटी दिसतात, आणि अक्षरं दिसली तरी ‘कि’मधली वेलांटी क च्या डावीकडे न येता उजवीकडे उमटते. डेब, फ्लॅटपॅक की अ‍ॅपइमेज, यांपैकी कोणत्या प्रकारचं पॅकेज करावं?

सह्यकोड:
पॅकेज कुठलंही निवडा, आधी कोड दुरुस्त करा. नाहीतर हेच दोष प्रत्येक पॅकेजमध्ये जातील.

चौकटी येतात कारण खेळ सिस्टीमवरचा फॉन्ट शोधतो आणि तो तिथे नसतो. फॉन्टची फाइल खेळासोबतच द्या. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, लहान मुलांसाठी बलू जास्त छान. परवान्याची फाइलही सोबत ठेवा, ती अट आहे. वेलांटीचा प्रश्न वेगळा आहे. फॉन्ट ऑब्जेक्टच्या ‘सेट स्क्रिप्ट’ला देवनागरीचा चार अक्षरी कोड (डी, ई, व्ही, ए) द्या, तोही मजकूर रेंडर करण्याआधी. एसडीएल-टीटीएफ (पायगेम-सीईसाठी अक्षरं रेखाटणारी लायब्ररी) हार्फबझसह (जोडाक्षरं आणि वेलांट्या योग्य जागी बसवणारी लायब्ररी) बांधलेलं असेल तरच हे चालतं, म्हणून प्रत्येक पॅकेजमध्ये ‘किल्ली’, ‘क्ष’, ‘र्‍या’ लिहून तपासा.

चित्रं-आवाजांचे मार्ग चालू फोल्डरवरून मोजू नका, मॉड्यूलच्या फाइलवरून मोजा. मेनूतून खेळ उघडला की चालू फोल्डर सहसा होम असतो आणि पहिलंच चित्र सापडत नाही. गुण खेळाच्या फोल्डरमध्ये लिहू नका. होममधल्या डॉट लोकल, शेअर या ठिकाणी लिहा. आणि पायगेम व पायगेम-सीई एकत्र कधीही बसवू नका, दोघांच्या मॉड्यूलचं नाव एकच आहे.

पिपचा नकार योग्यच आहे, सक्तीचा पर्याय लोकांना सुचवू नका. ज्यांना टर्मिनल चालतं त्यांच्यासाठी पिपएक्स (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या जागेत बसवणारं साधन) पुरेसं आहे.

पेटीबंद:
इंटरनेट असलेल्यांसाठी फ्लॅटपॅक. फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅक अ‍ॅपचं ऑनलाइन भांडार) बिल्ड होताना नेटवर्क बंद असतं, म्हणून पायगेम-सीई आणि इतर लायब्रऱ्यांच्या लिंक व चेकसम (फाइल तीच आहे हे पडताळायचा कोड) मॅनिफेस्टमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) आधीच हव्यात; फ्लॅटपॅक-पिप-जनरेटर ते लिहून देतं. परवानग्या मोजक्याच: वेलँड, पर्यायी एक्स-११ व त्यासाठी आयपीसी (पडद्यासाठी), पल्सऑडिओ (आवाजासाठी), डीआरआय (ग्राफिक्ससाठी). होम फोल्डरची परवानगी मागू नका, गुण साठवायला खेळाला स्वतःची जागा मिळते.

डेस्कटॉप फाइल, आयकॉन आणि मेटाइन्फो (अ‍ॅपची माहिती देणारी) फाइल या तिन्हींची नावं अ‍ॅप-आयडीशी (अ‍ॅपचं एकमेव ओळखनाव) तंतोतंत जुळली पाहिजेत. मेटाइन्फोत परवाना, स्क्रीनशॉट आणि वयोगटाची माहिती भरा.

अ‍ॅपइमेज दिसायला सोपं आहे, पण जुन्या रनटाइमवर (अ‍ॅपइमेज उलगडून चालवणारा भाग) बांधलेल्याला फ्यूज २ हे लायब्ररी पॅकेज लागतं आणि उबुंटू २२.०४ पासून ते आधीपासून बसवलेलं नसतं. डबल-क्लिक केल्यावर काहीच होत नाही, एररही दिसत नाही.

शब्दखेळ:
शाळांसाठी फ्लॅटपॅकचीच एक फाइल करून पेनड्राइव्हवर दिली तर?

पेटीबंद:
त्या फाइलमध्ये फ्लॅटपॅकचा रनटाइम (खेळ चालायला लागणाऱ्या सामायिक लायब्रऱ्या) नसतो. तो आधी बसवलेला नसेल तर फ्लॅटपॅक इंटरनेटवर शोधायला जाईल आणि तिथेच अडेल.

सह्यकोड:
शाळांसाठी पायइन्स्टॉलरच घ्या, फक्त बिल्डची जागा बदला. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. उबुंटू २२.०४ च्या कंटेनरमध्ये (संगणकातच चालणारी वेगळी, बंदिस्त लिनक्स व्यवस्था; जीलिबसी २.३५) बांधलं तर डेबियन १२ (२.३६) आणि उबुंटू २४.०४ (२.३९) दोन्हींवर चालेल. कंटेनरमध्ये पायथन३-डेव्ह आणि बायनयुटिल्स बसवा, मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या लायब्रऱ्यांची स्वतंत्र जागा) पायगेम-सीई आणि पायइन्स्टॉलर.

पायइन्स्टॉलरचा ‘वनफाइल’ (सगळं एका फाइलीत) पर्याय नको, ‘वनडिर’ (सगळं एका फोल्डरमध्ये) घ्या. एकच फाइल दर वेळी टेम्प फोल्डरमध्ये स्वतःला उलगडते, त्यामुळे जुन्या मशीनवर उघडायला वेळ लागतो. आणि त्या फोल्डरमधून प्रोग्राम चालवायला बंदी असेल तर उघडतच नाही. फॉन्ट आणि चित्रांचे फोल्डर ‘अ‍ॅड-डेटा’ने सांगा, ते आपोआप येत नाहीत.

पूर्ण फोल्डर टार करून (एकाच फाइलीत बांधून) द्या. पेनड्राइव्ह बहुधा फॅट या फाइल पद्धतीचा असतो आणि त्यावर चालवण्याची परवानगी टिकत नाही. टार आधी होममध्ये कॉपी करून तिथेच उलगडायला सांगा. नुसती मुख्य फाइल उचलून डेस्कटॉपवर ठेवली तर शेजारचा ‘_इंटरनल’ फोल्डर मागे राहतो आणि खेळ सुरू होत नाही. शाळेत हे हमखास होईल, म्हणून सूचनांच्या कागदावर मराठीत ठळक लिहा.