छातीत दुखतंय पण अ‍ॅटॅक आलेला नाही: स्टेंट घालायचाच का?

तळ्यातमळ्यात (धागाकर्ता)

मोठ्या काकांना जिना चढताना छातीत जड वाटायचं, थांबलं की दोन मिनिटांत जायचं. वय ६८, शुगर आहे, बीपीची एक गोळी चालू. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी, म्हणजे नळीतून डाय (रंगद्रव्य) सोडून हृदयाच्या नसा बघायच्या. काका टेबलावरच आणि चुलतभावाला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं की ही बघा एक मोठी नस, इथे ८० टक्के ब्लॉक, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ म्हणजे परत टोचायला नको, नाहीतर अ‍ॅटॅक कधीही येऊ शकतो, हा फॉर्म. भाऊ बिचारा पायात ती निळी प्लास्टिकची कव्हरं घालून उभा, त्याने सही केली, कोणीही केली असती. काका ठणठणीत आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती "नाहीतर अ‍ॅटॅक येईल" या वाक्याबद्दल. आधीच सांगतो, अ‍ॅटॅक चालू असताना जी अँजिओप्लास्टी (फुगा आणि स्टेंट घालून नस उघडणं) करतात ती जीव वाचवते, त्यावर वाद नाही, तिथे एकेक मिनिट मोलाचं. मी बोलतोय ते स्टेबल अँजायनाबद्दल, म्हणजे चढ चढल्यावर दुखतं, बसलं की थांबतं आणि महिनोनमहिने तसंच चालू असतं. अशा पेशंटांवर २००७ मध्ये करेज नावाची ट्रायल आली, २,२८७ लोक, अर्ध्यांना गोळ्या आणि स्टेंट, अर्ध्यांना नुसत्या गोळ्या. साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा अ‍ॅटॅक किती? १९ टक्के आणि १८.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. मग लोक म्हणाले की त्यात जास्त आजारी माणसं नव्हती, म्हणून मग इस्केमिया ट्रायल झाली, ५,१७९ लोक, ३७ देश, आपली हॉस्पिटलंही त्यात होती, २०२० मध्ये छापून आली. सरासरी तीनेक वर्षांत स्टेंट-बायपासवाल्यांत १४५ मृत्यू, आधी नुसत्या गोळ्यांवर ठेवलेल्यांत १४४.

मग हे वाक्य अजून कसं चालतं? माझं म्हणणं एवढंच की सही घेण्याआधी सांगा, हा स्टेंट दुखणं कमी करायला आहे, आयुष्य वाढवायला नाही. एवढं सांगायला काय हरकत आहे?

कट्ट्यावरचा_बाप्या

+१. सगळे लुटारू. टार्गेट असतात त्यांना.

घाटमाथ्यावरचा_डॉक्टर

बाप्या, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायची इच्छाच मरते, तरी लिहितो. मी कार्डिओलॉजीतच आहे, कुठे ते विचारू नका.

धागाकर्त्याने आकडे बरोबर दिलेत, पण ट्रायलमध्ये कोण नव्हतं ते सांगितलं नाही. इस्केमियात लेफ्ट मेनमध्ये (डावीकडची मूळ नस, जिला पुढे फांद्या फुटतात) ५० टक्के किंवा जास्त ब्लॉक असलेले घेतलेच नव्हते, ते नाही ना हे बघायला बहुतेकांचा आधी सीटी काढला होता. हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असलेले नव्हते, नुकताच अ‍ॅटॅक येऊन गेलेले नव्हते, आणि गोळ्या घेऊनही ज्यांचं दुखणं असह्य होतं तेही नव्हते. आता तुमच्या काकांचा लेफ्ट मेन कसा आहे हे अँजिओग्राफी किंवा तसा सीटी केल्याशिवाय मला कुठून कळणार? शिवाय त्याच पेशंटांचा सात वर्षांचा हिशोब २०२२ मध्ये आला त्यात हृदयाच्या कारणाने मृत्यू नुसत्या गोळ्यांवाल्यांत ८.६ टक्के आणि प्रोसिजरवाल्यांत (स्टेंट किंवा बायपास) ६.४ टक्के. चौथ्या हिश्श्याने कमी. हे तुमच्या पोस्टमध्ये का नाही?

आणि करेजमध्ये गोळ्यांवर ठेवलेल्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या लोकांनी पुढे प्रोसिजर करूनच घेतली, तेही सांगा की.

खडूस_संख्याशास्त्री

डॉक्टरसाहेब, त्याच टेबलातली पुढची ओळ पण वाचा ना. हृदय सोडून बाकी कारणांनी मृत्यू प्रोसिजरवाल्यांत ५.६ आणि गोळ्यांवाल्यांत ४.४. एकूण मृत्यू १२.७ आणि १३.४, म्हणजे जवळपास सारखेच. हृदयाचे कमी झाले ते दुसऱ्या रकान्यात कसे गेले हे कोणालाच नीट सांगता येत नाहीये, आणि जोपर्यंत ते कळत नाही तोपर्यंत "चौथ्या हिश्श्याने कमी" ही हेडलाइन मी तरी कोणाच्या नातेवाइकाला सांगणार नाही. ८.६ वरून ६.४ म्हणजे शंभरात दोन माणसं. तेच तुम्ही २५ टक्के म्हटलं की केवढं मोठं वाटतं, आणि गोळ्यांचे साइड इफेक्ट सांगताना मात्र सगळे शंभरात एक वगैरे म्हणतात. फायदा टक्क्यांत आणि तोटा डोक्यांत, ही जुनी खोड आहे.

उलट तुमच्या बाजूचाही एक मुद्दा देतो, कारण धागाकर्त्यानेही तो टाळलाय. इस्केमियातच पहिल्या सहा महिन्यांत अ‍ॅटॅक-मृत्यू वगैरे मिळून त्रास प्रोसिजरवाल्यांनाच जास्त, ५.३ विरुद्ध ३.४ टक्के, कारण प्रोसिजर करतानाच काहींना छोटा अ‍ॅटॅक येतो. पाच वर्षांनी उलटं, १६.४ विरुद्ध १८.२. म्हणजे आधी किंमत मोजायची आणि मग हळूहळू थोडं वसूल होतं, झालं तर. आता ८० वर्षांच्या आजींना हा सौदा परवडेल का आणि ५५ च्या माणसाला परवडेल का, ही उत्तरं वेगळी असू शकतात. ट्रायल सरासरी सांगते, सरासरी माणूस ओपीडीत येत नाही.

दादरकरीण

आकडे ठीक आहेत हो, पण माझे सासरे दोन गोळ्या आणि जिभेखालची गोळी घेऊनही बाजारातून भाजी घेऊन तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत दोनदा कठड्याला धरून उभे राहायचे. स्टेंटनंतर चार दिवसांत वर येऊन विचारतात, चहा आहे का. त्यांना जास्त वर्षं नको होती, जिना हवा होता. तुम्ही सगळे मृत्यू मोजताय.

तळ्यातमळ्यात

ताई, हे तर माझंच म्हणणं आहे! जिना हवा असेल तर जिन्यासाठी घाला, पण "नाहीतर मराल" म्हणून घालू नका.

@डॉक्टर, लेफ्ट मेनचा मुद्दा मान्यच. पण काकांचा लेफ्ट मेन साफ होता, ते टेबलावरच दिसलं होतं. मग तेव्हा घाई कसली होती? आणि तिसऱ्या हिश्शाच्या लोकांनी पुढे करून घेतली हे मी उलटं वाचतो, दोन तृतीयांश लोकांना लागलीच नाही.

खडूस_संख्याशास्त्री

जिन्यावरही बोलायला हवं. २०१७ मध्ये ब्रिटनमधली ऑर्बिटा नावाची ट्रायल आली, २०० पेशंट, सगळ्यांना आधी गोळ्या व्यवस्थित दिल्या, मग अर्ध्यांना खरा स्टेंट आणि अर्ध्यांना नुसतं नाटक. म्हणजे टेबलावर घेतलं, कानाला हेडफोन लावून गाणी, गुंगीचं औषध, तार आत घातली, स्टेंट मात्र नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत फरक किती? १६.६ सेकंद, आणि तोही योगायोग असू शकेल इतपतच. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं बरं वाटणं खोटं नाही, पण त्यातलं स्टेंटचं किती आणि "ब्लॉक काढला" या खात्रीचं किती, ते बाहेरून ओळखता येत नाही.

हे नवीन नाही. १९५० च्या दशकात छातीतली एक रक्तवाहिनी बांधायचं ऑपरेशन जोरात होतं, अँजायनाचे पेशंट खूश होते. १९५९ मध्ये कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरने सतरा पेशंटांत तुलना केली, काहींची रक्तवाहिनी बांधली, काहींना नुसती त्वचेवर चीर. चीरवाल्यांनाही तितकंच बरं वाटलं. ऑपरेशन बंद पडलं.

दादरकरीण

म्हणजे सासऱ्यांचं नाटक होतं का?

घाटमाथ्यावरचा_डॉक्टर

ताई, नव्हतं. खडूसभाऊ २०१७ वर थांबले, २०२३ ची ऑर्बिटा-२ सांगायला विसरले की सोयीने सोडली? त्याच टीमची, ३०१ पेशंट, पुन्हा तसंच खोट्या प्रोसिजरशी तुलना, फक्त यावेळी अँजायनाच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या. बारा आठवड्यांनी अजिबात दुखत नाही असे स्टेंटवाल्यांत ४० टक्के, नाटकवाल्यांत १५. म्हणजे स्टेंट दुखणं कमी करतो, नुसती खात्री नाही. आता म्हणा.

खडूस_संख्याशास्त्री

म्हणतो. ट्रायल चांगली आहे, सोडली नव्हती, तुमच्यासाठी ठेवली होती. पण ६० टक्के लोकांचं स्टेंट घालूनही दुखत राहिलं, हे पण त्याच कागदावर आहे. आणि गोळ्या बंद ठेवून मिळालेलं उत्तर दोन गोळ्या चालू असलेल्या दादरच्या माणसाला जसंच्या तसं लागू होतं का, हा प्रश्न उरतोच.

निसर्गोपचार_हाच_उपाय

छान चर्चा. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो बायपास नको स्टेंट नको, सलाइनमधून चिलेशन घ्या, नसा आतून धुतल्या जातात, वीस-तीस सिटिंगमध्ये ब्लॉक विरघळतो. माझ्या ओळखीत अनेकांना फायदा झाला आहे. ॲलोपॅथीच्या ट्रायल्सच सांगतात स्टेंट बेकार आहे!!

तळ्यातमळ्यात

थांबा थांबा. ट्रायलमध्ये स्टेंट नाही घातला त्यांना "काहीच नाही" दिलं असं नाही, ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), बीपीच्या गोळ्या, शुगर, सिगारेट बंद, हे सगळं धरून बसवलं होतं. ते जिंकलं, सलाइन नाही. आणि चिलेशनचीही ट्रायल झालीच आहे, अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या डायबेटिक लोकांवरची टॅक्ट-२, २०२४ ला आली, फायदा शून्य. ज्या काट्याने स्टेंट मोजायचा त्याच काट्याने तुमचं सलाइनही मोजायचं. ओळखीतले अनेक इथे चालणार नाहीत.

घाटमाथ्यावरचा_डॉक्टर

याला मात्र माझं पण +१. आणि हीच माझी भीती आहे, "स्टेंट नको" एवढंच व्हॉट्सॲपवर फिरतं, "गोळ्या रोज घ्या" हे फिरत नाही. ट्रायलमधल्या पेशंटला नर्स फोन करून गोळ्या विचारते. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात येतात, "बरं वाटत होतं म्हणून बंद केल्या". अशा माणसाला गोळ्यांच्या भरवशावर सोडू?

खडूस_संख्याशास्त्री

बरं, मग गोळ्या बंद करणाऱ्या माणसाच्या नसेत स्टेंट घालून ठेवणं जास्त सुरक्षित आहे का? स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या साधारण सहा महिने, कधी वर्षभर चुकवायच्या नसतात, मधेच सोडल्या तर कधीकधी स्टेंटमध्येच गुठळी होऊन मोठा अ‍ॅटॅक येतो. घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका, दात काढायचा झाला तरी आधी विचारायचं. जो विसरतो त्याच्यासाठी हा उपाय उलट जास्त नाजूक आहे.

एसटी_स्टँड

शहरातल्या लोकांचं ठीक आहे. आमच्या गावाहून कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी-स्टेंट करतात ती जागा) ९० किमी, मधे घाट, पावसाळ्यात दरड. रात्री दोनला अ‍ॅटॅक आला तर १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत काय करायचं ते सांगा. म्हणून आमच्याकडे माणूस म्हणतो एकदाच काय ते करून टाका, फुले योजनेत बसतंय, शेतीची कामं सुरू व्हायच्या आत. यात चूक काय? दर वेळी दुखलं की गाडी करून तपासायला न्यायचं म्हणजे एकाची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्याची पण.

तळ्यातमळ्यात

चूक म्हणत नाही. पण हा स्टेंट रात्री दोनचा अ‍ॅटॅक टाळेल ही खात्री कोणी दिली? इथेच ती नळाची उपमा घात करते, नळ तुंबला, साफ केला, पाणी सुरू. अ‍ॅटॅक पुष्कळदा ८० टक्क्यांच्या जुन्या घट्ट ब्लॉकला येत नाही, ३०-४० टक्क्यांची मऊ चरबीची गाठ फुटते, तिच्यावर गुठळी होते आणि नस बंद. अशा गाठी सगळीकडे पसरलेल्या असतात, स्टेंट एका जागी असतो. स्टॅटिन सगळीकडे जातं. गावासाठी मी म्हणेन घरात ॲस्पिरिन ठेवा, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं ते आजच विचारून ठेवा, कॅथलॅबपर्यंत पोचायच्या आधी ते मिळालं तर खूप फरक पडतो.

एसटी_स्टँड

विचारून ठेवतो. पण इंजेक्शन आहे का, ईसीजी काढणारा रात्री असतो का, हे विचारल्यावर जे उत्तर मिळेल ते तुमच्या ट्रायलमध्ये नसणार.

कट्ट्यावरचा_बाप्या

२०१७ ला सरकारने स्टेंटला लगाम घातला, औषध लावलेला स्टेंट तेव्हा २९,६०० च्या वर विकायचा नाही असं ठरलं. त्याआधी लाखाच्या वर लावायचे. मग पॅकेज कमी झालं का? बाकीचे चार्जेस वाढले. लुटारूच.

घाटमाथ्यावरचा_डॉक्टर

बाप्या, यावेळी आकडा बरोबर आहे. बाकीचं पण पूर्ण खोटं नाही. प्रोसिजर केली की पैसे मिळतात आणि पेशंटसमोर अर्धा तास बसून हे सगळे आकडे समजावले तर फक्त कन्सल्टिंग मिळतं, ही रचना आहे आणि ती मी बनवलेली नाही.

@तळ्यातमळ्यात, तुमची मागणी काय ते सांगा. अँजिओग्राफी करून बाहेर आणायचं, घरी पाठवायचं, आठ दिवसांनी विचार करून परत यायचं? दुसऱ्यांदा टोचणं, दुसऱ्यांदा डाय, किडनी आधीच शुगरने थकलेली, दुसऱ्यांदा ॲडमिशनचा खर्च. आणि त्या आठ दिवसांत काही झालं तर तुमचाच चुलतभाऊ माझ्या केबिनची काच फोडणार.

तळ्यातमळ्यात

मागणी साधी आहे. फॉर्म अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी द्या, घरी वाचू दे. त्यात दोन प्रश्न वेगवेगळे: लेफ्ट मेन किंवा तसंच काही गंभीर निघालं तर लगेच पुढचं करायची परवानगी आहे का, हो. आणि नुसतं दुखणं कमी करण्यापुरता स्टेंट असेल तर, आधी गोळ्या पुरेशा डोसमध्ये देऊन बघायच्या का आत्ताच घालायचा. दुसऱ्याचं उत्तर पेशंटने शुद्धीत, चहा पिताना द्यायचं, काचेमागे उभ्या असलेल्या भावाने नाही. काकांना आधी फक्त एक बीपीची गोळी होती, अँजायनाची एकही सुरू केलेली नव्हती.

घाटमाथ्यावरचा_डॉक्टर

आदल्या दिवशीचा फॉर्म मान्य, आम्ही काही ठिकाणी करतोही. पण "आत्ताच घाला" असंच दहातले आठ लिहून देतील, बघा तुम्ही. ब्लॉक आहे हे कळल्यावर तो तसाच ठेवून झोप लागत नाही माणसाला, त्याला तुमची ट्रायल काय करणार?

दादरकरीण

आठांनी लिहून दिलं तर दिलं. उरलेल्या दोघांना आज कोणी विचारतंय का?