पेन्शन राखणाऱ्या नेत्याला पदक द्यावं का?

कोळसेवाला : अमेरिकेतले खाणकामगार नेते जॉन एल. लुईस यांना 1964 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. माझ्या मते हक्काचं होतं. 1946 च्या संपात सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, तेव्हा याने सरकारशीच करार करून कोळशाच्या टनामागे 5 सेंट कामगारांच्या कल्याण आणि पेन्शन निधीत वळवले. 1952 पर्यंत ते 40 सेंट झाले. छत कोसळून कणा मोडलेले, वर्षानुवर्षं घरच्या खाटेवर पडून राहिलेले कामगार निधीच्या माणसांनी अपॅलेशियाच्या दऱ्याखोऱ्यांत शोधून काढले, स्ट्रेचरवरून खाली आणले आणि उपचाराला पाठवले. पदक याला नाही द्यायचं तर कुणाला?

तिरकस : पेन्शन म्हणजे मागाहून मिळणारा पगार. स्वतःचाच पगार मिळाला म्हणून कुणी हारतुरे घालतं का? बरं, या निधीचा कारभार कसा होता? कोट्यवधी डॉलर बिनव्याजी खात्यात पडून, आणि तेही युनियनच्याच ताब्यातल्या बँकेत! 1971 मध्ये न्यायालयाने यावर स्पष्ट ठपका ठेवला. लुईस स्वतः विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते. एकीकडे हे, आणि 1960 मध्ये बेकार खाणकामगारांची आरोग्यकार्डं रद्द. का, तर म्हणे निधीत पैसे नाहीत.

कोळसेवाला : व्याज बुडालं हे कबूल. पण मुद्दल आलं कुठून? खाणमालक काय आपण होऊन देणार होते?

तिरकस : मालकांना नमवलं ते कोळसा काढणं थांबवणाऱ्या सुमारे 4 लाख लोकांनी. त्यांचं पदक कुठंय?

वाटसरू : मध्येच बोलतो. 2019 च्या शेवटी अमेरिकी संसदेने कायदा करून सुमारे 92 हजार खाणकामगारांची पेन्शन वाचवली. सिनेटर जो मँचिन यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला होता. आता असल्या चिवटपणाचं कौतुकच करायचं नाही म्हटलं, तर उद्या हे रटाळ काम अंगावर घेणार कोण? पेन्शनच्या आकडेमोडीवर मतं मिळत नाहीत राव.

तिरकस : खाणपट्ट्यात मिळतात. मँचिन वेस्ट व्हर्जिनियाचे, विसरलात? सत्कार करायचाच तर बुच लुईसचा करा. ओहायोचा ट्रकचालक. निवृत्तांचीही पेन्शन कापायला मुभा देणारा कायदा 2014 मध्ये आला, त्याविरुद्ध लढता लढता 2015 च्या शेवटच्या दिवशी गेला. पुढे बायको लढत राहिली. पेन्शन वाचवण्याच्या नव्या कायद्याचा मसुदा त्याच्याच नावाने ओळखला गेला आणि 2021 मध्ये बुडत्या पेन्शन योजनांना सरकारी मदत मिळाली.

वाटसरू : मिळाली, पण संसदेत हात वर करणारे होते म्हणून ना?

कोळसेवाला : माझं म्हणणं तेच. बुचचं नाव द्याच, पण जॉन लुईसचं खोडू नका.

तिरकस : खोडत नाही. फक्त फलकावर बिनव्याजी खात्याचीही एक ओळ असू द्या. आणि 1971 चा तो दावा निधीच्या लाभार्थ्यांनीच लावला होता, तेही लिहा.