चरित्रपटातला व्यसनी कलावंत: अभिनय नेमका कुठे भडक होतो?

रंगपट:
दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या कलावंतावरचा चरित्रपट असला की नायक दर दुसऱ्या प्रसंगात झोकांड्या खातो, जीभ जड करतो, बाटल्या फोडतो. तासाभरात त्याच्याबद्दल काही वाटेनासं होतं. यात चूक नटाची की लेखकाची?

पडद्यामागे:
मुळात नशा आणि व्यसन यांची गल्लत होते. रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. नवखा आडवा होईल एवढी पिऊनही तो नीट चालतो, बोलतो. त्याचे हात कापतात ते दारू उतरताना, शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 8 तासांनी. म्हणजे खरा प्रसंग सकाळचा. शर्टाचं बटण काजात जात नाही. पेला दोन्ही हातांनी धरूनही हिंदकळतो, म्हणून तो टेबलावरच ठेवून तोंड खाली नेतो. थोड्या वेळाने तेच बटण मुकाट लागतं. एवढं दाखवलं तर संवादाची गरजच नाही! घाम, ताप, भ्रम असा गंभीर झटकाही सहसा पिणं थांबल्यावर 2 ते 4 दिवसांनी येतो, भर मैफलीत नव्हे.

मध्यलय:
नटाने झिंगायला जाऊ नये, शुद्धीत असल्याचं भासवायला जावं. प्यालेला माणूस जोडाक्षरं गरजेपेक्षा स्पष्ट उच्चारतो, बसण्याआधी खुर्चीची पाठ चाचपतो, किल्ली कुलुपाला लावताना श्वास रोखतो. ती लपवाछपवी फसते तेव्हा पोटात कालवतं. शिवाय नायक स्वतः कलावंत. रंगमंचावर त्याचा आवाज, हातवारे मोठे असणारच, मग घरी ते निम्म्यावर यायला हवेत. दोन्हीकडे एकच पट्टी लावली की सगळंच नाटकी वाटतं.

कात्री:
पडद्यामागे यांच्या म्हणण्याला एक पुरवणी. अखेरच्या टप्प्यात यकृत निकामी होत आलं की थोडक्या दारूनेही तोल जातो, तिथे झोकांड्या योग्यच. पण त्या पहिल्या अर्ध्या तासातच उधळल्या तर पुढची घसरण दाखवायला काही उरत नाही. चित्रीकरण उलटसुलट क्रमाने होतं, म्हणून प्रत्येक प्रसंगापुढे लिहून ठेवावं: शेवटची कधी घेतली, किती घेतली, झोप किती झाली, कोणापासून लपवतोय. हा तक्ता नसला की नट प्रत्येक दिवशी कळसच गाठतो. संकलनात मग त्यातल्या त्यात शांत टेक शोधत बसावं लागतं, आणि बऱ्याचदा तो घेतलेलाच नसतो.