महिला शौचालयाच्या दारातून जोगप्पांना परत पाठवले. आमच्या बचतगटाने कोणता नियम करावा?

प्रश्न – घटप्रभाकाठ

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बसस्थानकाला लागून असलेल्या सार्वजनिक शौचालयाची देखभाल गेल्या वर्षापासून आमच्या महिला बचतगटाकडे आहे. दोन बाजू आहेत आणि दोन दारे. एकावर साडीतल्या बाईचे चित्र, दुसऱ्यावर फेटा बांधलेल्या पुरुषाचे, आणि दोन्हींच्या खाली कन्नड अक्षरे. मध्ये आमचे टेबल, गल्ला आणि हिशोबाची वही.

गेल्या मंगळवारी यल्लम्माच्या सौंदत्तीकडून आलेल्या गाडीतून तीन जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेल्या तृतीयपंथी, उतरल्या. सर्वांत वयस्क जोगप्पांच्या डोक्यावर जग (देवीचा मुखवटा असलेली टोपली) होता. फलाटावरच्या दोन-तीन बायकांनी जगापुढे वाकून नमस्कार केला, एकीने परडीत तांदूळही घातले. मग त्यांनी जग सोबतीणीकडे दिला, टेबलावर 5 रुपयांचे नाणे ठेवले आणि त्या महिलांच्या बाजूला वळल्या. आत कॉलेजच्या दोन मुली होत्या आणि एक बाई लहान लेकराला घेऊन रांगेत उभी होती. फलाटावर तांदूळ घातले होते ते ह्याच बाईने. तीच म्हणाली, "ह्या इकडे कशा काय?" आमच्या टेबलावरच्या ताई गोंधळल्या आणि "तिकडच्या बाजूला जावा" असे बोलून गेल्या. तिकडच्या दाराशी चार-पाच पुरुष उभे होते आणि त्यातले दोघे हसत होते. जोगप्पा दोन पावले गेल्या, थांबल्या आणि मग काही न बोलता स्थानकाच्या मागच्या पडक्या भिंतीकडे निघून गेल्या. नाणे त्यांनी परत मागितले नाही.

हे सर्व मी शेजारच्या चहाच्या गाड्यावरून पाहिले. मी उठून गेले नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे.

कर्नाटक सरकारची शक्ती योजना 11 जून 2023 रोजी सुरू झाली, तेव्हापासून राज्यातील महिलांप्रमाणे तृतीयपंथीयांनाही सरकारी बसमध्ये तिकीट माफ आहे. म्हणजे ज्या गाडीत वाहकाने त्यांना बायकांसारखे शून्य रकमेचे तिकीट दिले, तिच्यातून उतरून पन्नास पावले चालताच आम्ही त्यांना पुरुषांकडे पाठवले. पण रांगेतल्या त्या बाईची अस्वस्थता खोटी होती, असेही मला म्हणवत नाही. गटाच्या बैठकीत काही जणी म्हणाल्या की दिव्यांगांसाठी असलेल्या खोलीवर "तृतीयपंथी" अशी पाटी लावावी, म्हणजे प्रश्न मिटेल. कायदा काय सांगतो आणि अनुभवी मंडळी काय सुचवतात, हे मला हवे आहे.

उत्तर 1 – काळा कोट, टिळकवाडी

ताई, तुम्ही हे विचारलेत ते बरे केलेत.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात आपली लिंगओळख ठरवण्याचा तृतीयपंथीयांचा हक्क मान्य झाला आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालयांची सोय करण्याचा आदेश केंद्र व राज्य सरकारांना मिळाला. एप्रिल 2017 मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने ग्रामीण स्वच्छ भारत अभियानासाठी सूचना काढल्या आणि त्यांत सांगितले की तृतीयपंथीयांना पुरुषांची किंवा स्त्रियांची, जी बाजू हवी ती वापरू द्यावी. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो की स्वतंत्र खोली बांधणे हे शासनाचे काम आहे, मात्र ती बांधली गेलेली नाही हे कारण दाखवून आज दारात उभ्या असलेल्या व्यक्तीला माघारी पाठवता येत नाही.

तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम 2019 हा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा आणि अरवाणी यांच्याबरोबर "जोगता" हा शब्द नावानिशी आला आहे. संसदेच्या कायद्यात आपल्या सौंदत्तीच्या परंपरेतला शब्द आहे, हे आपल्याच भागात फार थोड्यांना माहीत असते. कलम 3 प्रमाणे जनतेसाठी असलेल्या सोयीसुविधांत भेदभाव करता येत नाही, आणि कलम 18 प्रमाणे सार्वजनिक जागेच्या वापरात अडथळा आणणाऱ्याला किमान सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. टेबलावरच्या ताईंना धाक दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते, आणि शिकवण्याची जबाबदारी ज्याने काम दिले त्याचीही आहे.

राहिला कागदाचा मुद्दा. जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद ह्या कायद्यात आहे, परंतु 2017 च्या सूचनेत शौचालयाच्या दाराशी प्रमाणपत्र दाखवण्याची अट नाही. तुम्ही इतर कोणत्या बाईकडून आधार कार्ड मागता?

उत्तर 2 – दोन मुलींची आई

वकीलसाहेबांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, पण माझीही बाजू ऐकून घ्यावी.

माझी थोरली मुलगी अकरावीत असताना शिकवणीहून येताना एका बसस्थानकावरच्या महिला शौचालयात गेली. झरोक्याची काच फुटलेली होती. तिथून मोबाइल धरलेला हात आत आलेला तिने पाहिला आणि ती ओरडत बाहेर पळाली. तक्रार करायला आम्ही दोन ठिकाणी गेलो. दोन्हीकडे पहिला प्रश्न आला तो मुलगी एकटी का गेली होती असा. तेव्हापासून माझ्या दोन्ही मुली सकाळी घरातून निघाल्या की संध्याकाळी घरी येईपर्यंत बाहेर कुठेही जात नाहीत. "महिलांसाठी" ह्या पाटीचा आधार आम्हाला किती वाटतो, हे पुरुषांना सहज कळणार नाही.

जोगप्पांविषयी माझ्या मनात अढी नाही. आमच्या घरी यल्लम्माची परडी आहे, पौर्णिमेला जोगवा दिला जातो. सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी कर्नाटकाने 2021 मध्ये 1 टक्का आरक्षण ठेवले, तेही मला योग्य वाटले. माझी भीती वेगळ्या माणसाची आहे. उद्या एखादा गुंड साडी नेसून आला आणि "मलाही आत जायचे आहे" म्हणाला, तर टेबलावरची बाई त्याला कोणत्या तोंडाने अडवणार? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल 2025 मध्ये स्त्री म्हणजे जन्माने स्त्री असा निकाल दिला, असे वाचले. तिकडे विचार होतो, तर आमच्या मुलींचा विचार इकडे का होऊ नये?

उत्तर 3 – काळा कोट, टिळकवाडी

ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत जे घडले तो गुन्हा होता आणि आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये स्त्रीला खाजगी क्षणी चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे ह्यासाठी शिक्षा आहे, आणि त्याआधी जुन्या दंड संहितेतही 354-सी (354C) ह्या कलमाने ती होती. तक्रार न घेणाऱ्यांनी कर्तव्य टाळले. साडी नेसून छळायला येणाऱ्यालाही हेच कलम लागेल. जोगप्पांना आत येऊ दिल्याने त्याला कोणतीही सूट मिळत नाही.

ब्रिटनचा निकाल 16 एप्रिल 2025 चा आहे आणि तो त्यांच्या 2010 च्या समानता कायद्यातील "स्त्री" ह्या शब्दाच्या अर्थापुरता आहे. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींना भेदभावाविरुद्ध मिळणारे संरक्षण कायम राहते, असेही त्याच निकालात म्हटले आहे. आपल्याकडचा कायदा वेगळ्या पायावर उभा आहे, तेव्हा तो निकाल चिकोडी-गोकाकच्या बसस्थानकावर आणून लावता येणार नाही.

उत्तर 4 – चौंडकं

मी निपाणीकडची आहे. ज्यांच्याविषयी आपण सर्व बोलत आहात, त्यांतलीच एक.

प्रवासाच्या दिवशी मी सकाळी सहानंतर पाणी पीत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला आम्ही दहा-बारा जणी निघतो, तेव्हा कोणत्या पेट्रोल पंपावर बाई कामाला आहे आणि कोणत्या हॉटेलचा मालक काही बोलत नाही, ह्याची यादी आमच्या गुरूंना तोंडपाठ असते. त्या यादीप्रमाणेच आमची गाडी थांबते. उन्हाळ्यात लघवीला जळजळ होणे ही आमच्यात इतकी नेहमीची गोष्ट आहे की आम्ही धने-जिऱ्याचे पाणी पितो आणि गप्प बसतो. मला दोनदा ताप येऊन दवाखान्यात राहावे लागले. डॉक्टरांनी विचारले, पाणी का पीत नाही? मी काय सांगणार होते?

पुरुषांच्या बाजूला मी एकदा गेले होते, चार वर्षांपूर्वी. आत गेल्यावर कोणीतरी बाहेरून कडी लावली. बाहेर हसण्याचा आवाज येत होता आणि दाराच्या खालच्या फटीतून पाणी फेकले जात होते. साधारण दहा मिनिटांनी एका हमालमामांनी कडी काढली. त्यांनी मान खाली घालून "जा अक्का" एवढेच म्हटले. मी त्यांना अजून विसरलेली नाही.

आमच्यातल्याच लोककलावंत मंजम्मा जोगती यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पुरस्कार घेण्याआधी त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. तो व्हिडिओ ज्यांनी कौतुकाने एकमेकांना पाठवला, त्यांतलेच लोक ह्या फलाटांवर उभे असतात. मला त्या बाईचा राग नाही. मुलींच्या आईंचाही नाही. झरोक्यातून येणाऱ्या हाताची भीती आम्हालाही आहे, आमच्या बाबतीतही ते झालेले आहे.

तिसऱ्या पाटीविषयी सांगते. माझ्यासारखीला लपवायचे काही उरलेले नाही, त्यामुळे मी त्या दारानेही जाईन. पण आमच्यात कॉलेजात शिकणारी, घरी अजून काही न सांगितलेली मुले आहेत. मुलगी म्हणून वाढलेले आणि आता मुलगा म्हणून जगणारेही आहेत. "तृतीयपंथी" असे लिहिलेल्या दारातून आपल्याच गावच्या बसस्थानकावर, सगळ्यांच्या देखत, ते कसे जातील?

उत्तर 5 – निवृत्त कनिष्ठ अभियंता

मी नगरपालिकांच्या बांधकाम विभागात तीस वर्षे काढली आणि अशी शौचालये बरीच बांधली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

परदेशातील ह्या वादाच्या बातम्या वाचताना तिथली रचना लक्षात घ्यावी. अनेक ठिकाणी दोन कप्प्यांमध्ये पातळ फळ्या असतात, त्यांना खाली-वर मोठ्या फटी असतात आणि वादाचा मोठा भाग कपडे बदलण्याच्या सामाईक खोल्यांविषयी असतो. आपल्याकडे महिलांच्या बाजूला विटांची भिंत आणि पूर्ण दार असलेली एकेकटी खोली असते. दुसरी व्यक्ती शेजारच्या खोलीत आहे ह्याने काहीच उघडे पडत नाही. उघडे पडते ते आतली कडी तुटल्यामुळे, झरोका हाताच्या उंचीवर ठेवल्यामुळे आणि दिवा चोरीला गेल्यामुळे. इथे आलेल्या झरोक्याच्या आणि बाहेरून कडी लावल्याच्या, अशा दोन्ही प्रसंगांत दोष रचनेचाच दिसतो.

त्यामुळे ताई, पाटीच्या आधी सुताराला बोलवा. प्रत्येक दाराला आतून जाड अल्ड्रॉप आणि वर एक बोल्ट लावून घ्या. दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाका. त्यांचा उपयोग फक्त दुसऱ्याला कोंडण्यासाठी होतो, रात्री कुलूप घालायचे ते मुख्य दाराला घालावे. झरोका सात फुटांच्या खाली असेल तर काच बदलून उपयोग नाही, तिथे सिमेंटची जाळी बसवून वरच्या बाजूला नवा झरोका काढावा. दिव्याला तारेची जाळी. दाराखालची फट चार बोटांपेक्षा अधिक नको. हे सारे एका आठवड्याचे काम आहे आणि गल्ल्यातून टप्प्याटप्प्याने होण्यासारखे आहे.

स्वतंत्र खोलीचा माझा अनुभव चांगला नाही. एका गावी आम्ही ती बांधली, उद्घाटन झाले, फीत कापली गेली. दोन वर्षांनी तपासणीला गेलो तेव्हा आत फिनेलचे डबे, झाडू आणि एक फुटके भांडे होते, आणि किल्ली ठेकेदाराच्या घरी होती. दिव्यांगांच्या खोलीवर पाटी बदलण्याची कल्पना मात्र मुळीच स्वीकारू नका. उतार आणि धरायची दांडी असलेली ती एकमेव खोली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमामुळे त्यांचाही हक्क पक्का आहे. तिच्यावर चाकाच्या खुर्चीचे चित्र तसेच राहू द्या आणि खाली "गरज असलेल्या कोणालाही" असे लिहा. आजीला घेऊन आलेला नातू, लहान मुलीला घेऊन आलेला बाप, बायकांच्या रांगेत उभे राहणे नको वाटणारी व्यक्ती, सर्वांना ती चालते. फक्त ज्याला महिलांच्या बाजूला जायचे आहे त्याला तिकडे ढकलण्यासाठी तिचा वापर होता कामा नये.

उत्तर 6 – दोन मुलींची आई

अभियंता काकांनी सांगितलेली कडी आणि जाळी आधी झाली, आणि टेबलावर दिवसभर बाई बसलेली राहिली, तर माझा विरोध राहत नाही. चौंडकं, तुमचे दाराबाहेरच्या कडीचे वाचून मला माझ्या मुलीचा तो दिवस आठवला. मनात थोडी धाकधूक अजून आहे, ती नाही असे मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर – घटप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल गटाची बैठक झाली. बाहेरच्या सहा कड्या कालच काढल्या. सुतार शनिवारी अल्ड्रॉप घेऊन येणार आहे. झरोक्याच्या जाळीसाठी नगरपालिकेला अर्ज दिला आहे, आणि तो मंजूर होईपर्यंत पत्रा ठोकून घेतला आहे. दिव्यांगांच्या खोलीची पाटी काकांनी सांगितल्याप्रमाणे कन्नड आणि मराठीत रंगवून घेऊ.

टेबलावर बसणाऱ्या आम्हा चौघींसाठी एका कागदावर तीन वाक्ये लिहिली आहेत: ज्या बाजूला व्यक्ती जाईल तिकडे जाऊ द्यावे, ओळख किंवा कागद विचारू नये, कोणीही कोणाला त्रास दिला, मग तो कोणत्याही वेशात असो, तर लगेच 112 वर फोन करावा. रांगेतल्या कोणी हरकत घेतली तर काय बोलायचे, ह्यावर बराच वेळ गेला. शेवटी असे ठरले की "ह्या प्रवासी आहेत, पैसे भरून आल्या आहेत" एवढेच सांगायचे आणि वाद वाढवायचा नाही.

त्या मंगळवारी "तिकडच्या बाजूला जावा" म्हणालेल्या ताई बैठकीत रडल्या. हिशोबात त्या दिवशीचे 5 रुपये त्यांनी वेगळे काढून ठेवले आहेत. पुढच्या मंगळवारी टेबलावर त्यांच्यासोबत मीही बसणार आहे. सौंदत्तीची गाडी साधारण साडेअकराला येते.