विहिरींच्या तक्त्यात डिफॉल्ट दिला: एका रकान्यात जुन्या ओळी भरल्या, दुसऱ्यात नाहीत

माणदेशी_विहीर
नमस्कार. माण तालुक्यातल्या 212 विहिरींची नोंद आम्ही पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाची जोड) ठेवतो. मे महिन्यातली पातळी घालायला 'पाणी_खोली' हा रकाना नव्याने जोडला आणि जोडतानाच डिफॉल्ट (काही न दिल्यास आपोआप लागणारी किंमत) 0 दिला, तर सगळ्या जुन्या ओळींत 0 आला. 'नोंद_गट' हा रकाना आधीपासून होता. त्याला 'सेट डिफॉल्ट' करून गटाचं नाव दिलं, पण जुनी एकही ओळ भरली नाही. काल सीएसव्हीतून (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाईल) 18 नव्या विहिरी 'कॉपी' आज्ञेने चढवल्या, त्यांनाही नाव लागलं नाही. सोमवारी ग्रामसभेत नकाशा दाखवायचाय, म्हणून जीव टांगणीला लागलाय. नेमकं काय चुकतंय?

रकाने_आणि_रेषा
ताई, दोन्ही ठिकाणी पोस्टग्रेस नियमानेच वागलंय. रकाना जोडतानाच डिफॉल्ट दिला तर जुन्या ओळींनाही तीच किंमत मिळते. असलेल्या रकान्याला नंतर दिलेला डिफॉल्ट फक्त पुढच्या ओळींसाठी असतो. जुन्या ओळी 'अपडेट'ने तुम्हालाच भराव्या लागतील.

सीएसव्हीचं कारण वेगळं. फाईलमध्ये 'नोंद_गट' हा रकाना होता आणि रिकामा होता, बरोबर? मग तिथे 'नल', म्हणजे 'किंमत नाही' अशी खूण, गेली. स्पष्ट दिलेला नल हीसुद्धा किंमतच, तिच्यापुढे डिफॉल्ट चालत नाही. तो रकाना फाईलमधून काढा आणि 'कॉपी'त उरलेल्या रकान्यांची नावं लिहा, म्हणजे नाव आपोआप लागेल. नाव कधीच रिकामं राहू द्यायचं नसेल तर जुन्या ओळी भरून झाल्यावर 'नॉट नल' (रिकामं चालणार नाही) ही अटही लावा, चुकीची फाईल दारातच अडेल.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये ठेवलेला डिफॉल्ट हा तिसरा प्रकार. तो तुमच्या प्रोजेक्ट फाईलमध्ये राहतो, त्यामुळे दुसऱ्याने स्वतःच्या प्रोजेक्टमधून ओळ भरली तर तो लागत नाही. सगळ्यांसाठी हवं ते डेटाबेसमध्येच ठेवा. गावाचं नाव मात्र फॉर्ममध्येच बरं: गावांच्या सीमांचा थर असेल तर 'ओव्हरले_विदिन'ने (बिंदू कोणत्या सीमेच्या आत आहे ते शोधणारं फंक्शन) बिंदू टाकताक्षणी ते भरतं.

भूजल_नोंदवही
माझा प्रश्न वेगळा आहे. 'पाणी_खोली' जमिनीपासून खाली मोजता ना? मग 0 म्हणजे पाणी काठाला लागलंय. मे महिन्यात, माणमध्ये, 212 विहिरी तुडुंब! हा नकाशा ग्रामसभेत लावू नका हो. ज्या बाईच्या विहिरीत तळाला दोन घागरी पाणी उरलंय, तिच्यासमोर तो लागेल.

मोजलेल्या आकड्याला डिफॉल्ट द्यायचाच नाही. मोजलं नाही तर रिकामं. सरासरी काढताना नल वगळला जातो, शून्य मोजलं जातं आणि पाणी आहे त्यापेक्षा वर दिसतं. कोरड्या विहिरीसाठीही शून्य नको, 'स्थिती' असा वेगळा रकाना करा.

तारखेलाही जपा. डेटाबेसमध्ये 'आजची तारीख' असा डिफॉल्ट ठेवलात तर ती ओळ चढवल्याची तारीख असते. कागदावरचं माप आठवड्याने भरलं की मोजणीचा दिवस हरवतो. 'मोजणी_दिनांक' हाताने भरा, 'ओळ_निर्मिती'ला डिफॉल्ट द्या.

माणदेशी_विहीर
पोटात धस्स झालं. हो, जमिनीपासूनच मोजतो. दोरीला दगड बांधून, काठाची उंची वजा करून.

रात्री बसून केलं ते असं. आधी 'पाणी_खोली'चा डिफॉल्ट काढला. मग कागदी फॉर्म पुढ्यात घेतले. मोजलेल्या 140 विहिरींचे खरे आकडे घातले, उरलेल्या 72 नल केल्या. एकाही फॉर्मवर शून्य नव्हतं, म्हणून आता तक्त्यातही नाही. सीएसव्हीतल्या 18 विहिरींची खोली फाईलमध्येच होती, त्यांना फक्त गटाचं नाव 'अपडेट'ने लावलं.

एक शंका उरली: नल विहिरी नकाशावर दिसतच नाहीत. लोक म्हणतील आमची विहीर घेतलीच नाही.

रकाने_आणि_रेषा
रंगाच्या वर्गांत नल कुठेच बसत नाही, म्हणून गायब होतात. 'नियमांवर आधारित' शैली घ्या. 'पाणी_खोली इज नल' असा नियम करून त्याला पोकळ राखाडी वर्तुळ द्या, सूचीत 'मोजायची आहे' असं लिहा.

माणदेशी_विहीर
जमलं. 72 पोकळ वर्तुळं दिसतायत, त्यातली जास्त डोंगराकडच्या वस्त्यांवर आहेत. सोमवारी तिथल्याच लोकांना विचारते, दोरी घेऊन कोण येतंय.