काका गणिताचे मास्तर, तरी फेक फॉरवर्ड कसे काय पटतात?

बर्डीवाला:
घरच्या ग्रुपवर रोज हेच सुरू राहते. काका एका पार्टीचे, मामा दुसऱ्या. मामांनी काही टाकलं की काका दोन मिनिटांत शोधून ‘हा फोटो जुना आहे, आपल्या देशातला पण नाही’ म्हणून हाणतात, अन् तासाभरानं स्वतः तसलंच काहीतरी टाकतात, तेव्हा गुगल कुठं जाते काय माहीत. मामांचंही सेम. काका रिटायर्ड गणिताचे मास्तर आहेत, अडाणी नाहीत. नोटबंदीत दोन हजाराच्या नोटेत चिप आहे हे त्यांनी आम्हाला कागदावर आकृती काढून समजावलं होतं. काहून होते असं?

संत्राबर्फी:
मास्तर आहेत म्हणूनच होत असेल, हसू नका. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे प्रोफेसर डॅन कहान, त्यांचा 2013 चा प्रयोग आहे. अमेरिकेत लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. त्वचेच्या क्रीमचा म्हणून दिला तेव्हा गणित पक्कं असणाऱ्यांनी बरोबर सोडवला, पण तसाच तक्ता बंदूकबंदीचा म्हणून दिला तर उत्तर आपल्या बाजूचं निघते की नाही यावर सगळं अडलं, डेमोक्रॅट असो की रिपब्लिकन. अन् गणितात जितके हुशार तितका दोन बाजूंतला फरक मोठा. नावडती बातमी खोडायलाच डोकं चालते, आवडतीला कोण तपासते?

जरीपटकावाला:
मला नाही पटत. पेनीकुक अन् रँड या संशोधकांचा 2019 चा पेपर उलटं सांगते, जो थांबून विचार करते तो आपल्या पार्टीची खोटी बातमीपण जास्त ओळखते. काका वाचतच नसतील, नुसतं ढकलून देत असतील. आणि धुळ्यात राईनपाड्याला 2018 मध्ये मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठार मारलं, तिथं कोणती पार्टी होती? नोटेच्या चिपला कोणती विचारसरणी लागते?

बर्डीवाला:
धुळ्याचं मान्य. पण चिपला लागते ना भाऊ! काळा पैसा जमिनीत गाडला तरी सापडणार, ही गोष्ट कोणाला हवी होती? मामा तर पहिल्याच दिवशी हसले होते.

वहिनी_धरमपेठ:
शिकवून सुधारतील असंही नाही. 2019 च्या लोकसभेच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन या संशोधक बाईंनी प्रयोग म्हणून बिहारात घरोघरी तासभर ट्रेनिंग दिलं, फेक बातमी कशी ओळखायची याचं. एकूण काही खास फरक पडला नाही, आणि भाजप समर्थकांचं तर आपल्या बाजूची खोटी बातमी ओळखणं उलट कमी झालं. (मामांनी लगेच उड्या मारू नयेत, एका राज्यातलं अन् एका निवडणुकीतलं आहे.) माझं म्हणणं एवढंच की ग्रुपवर चारचौघांत खोडलं की माणूस बातमी नाही, आपली इज्जत वाचवत बसते. पर्सनलवर फोन करा, आणि त्यांच्याच पार्टीच्या एखाद्या नेत्यानं खुलासा केला असेल तर तो पाठवा.

बर्डीवाला:
फोन करतो. मेसेज पाठवला तर काका त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतील.