लंगोट बदलल्यावर हात धुवा, शेजारणीला टाळू नका
ताई, लसीतला विषाणू अंगातून बाहेर पडून बाळाला लागेल म्हणून कोविशील्ड घेतलेल्या शेजारणीला बाळाजवळ येऊ देत नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्या लसीतला विषाणू शरीरात वाढूच शकत नाही, मग बाहेर काय पडणार? तोंडावाटे देतात त्या पोलिओ नि रोटाव्हायरसच्या लसींचं मात्र खरं आहे. त्यांतले दुबळे केलेले जिवंत विषाणू काही दिवस, कधी काही आठवडेही, शीतून बाहेर पडतात. अशा लसींच्या चाचण्यांत ठरलेल्या दिवशी बाळाच्या शीचे नमुने घेऊन विषाणू शोधतात, कधी घरातल्या भावंडांचेही नमुने घेतात. फोंड्याला आमच्या लेकीला सहाव्या आठवड्यात रोटाचे थेंब दिले, तेव्हा सासूबाईंची कॅन्सरची कीमो चालू होती, त्यात प्रतिकारशक्ती कमी होते. डॉक्टरांना विचारलं. सासूबाई बाळाला मांडीवर घ्यायच्या. लंगोट मात्र मीच बदलायचे नि लगेच साबणाने खसखसून हात धुवायचे.